घरात पर्यावरणासाठी काय काय बदललं, आणि ते काम कुणाच्या वाट्याला आलं? (कोल्हापूर)

दुर्गा_पेठकर

मुद्दा आधी सांगते. पर्यावरणपूरक घर म्हणून जे काय वाचायला मिळतं ना, घरी साबण बनवा, जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवा, कचरा तीन डब्यांत वेगळा करा, खत करा, त्यातलं बहुतेक सगळं शेवटी घरातल्या बाईच्या अंगावर पडतं आणि काही महिन्यांत बंद होतं कारण ती दमते. म्हणून आमच्या घरात एकच अट घातली, नवीन जे काय सुरू करायचं त्यानं एकतर काम कमी झालं पाहिजे, नाहीतर ते काम नावानिशी दुसऱ्या कुणाचं तरी असलं पाहिजे. ह्या अटीमुळं बरंच टिकलंय म्हणून लिहितेय.

आम्ही मंगळवार पेठेत, घरात सहा माणसं, मामा-आत्या (सासू-सासरे), आम्ही दोघं, मुलगी आठवीत आणि मुलगा पाचवीत.

ओला कचरा मामांचा. गच्चीवर दोन ड्रम आहेत, तळाला आणि बाजूनं भोकं पाडलेले. भाजीची देठं, साली, चहाची पत्ती, देवाची फुलं असं सगळं रोज जातं आणि वर तेवढाच सुका पाला. गल्लीच्या तोंडाला बदामाचं झाड आहे, त्याची पानगळ झाली की मामा पोती भरून ठेवतात. अधनंमधनं आंबट ताक शिंपडायचं, आठवड्याला दांडक्यानं खालीवर करायचं. एक ड्रम भरला की झाकायचा, दुसरा भरेपर्यंत पहिल्यातलं खत होतंय. मामा रिटायर झाल्यापासून त्यांना सकाळी वर जायला एक कारण पाहिजेच होतं, आता ड्रममधे कुणी भलतं टाकलं तर आवाज चढतो त्यांचा, आणि मला त्यात काहीही बघावं लागत नाही.

सुका कचरा मुलीचा. त्यात एक बारकी गोष्ट जी तिनंच शाळेतनं आणली, दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही, लटकता ठेवायचा. तो तोडलेला एवढासा त्रिकोण कुणी भंगारवाला उचलत नाही, तो गटारीतच जातो. पिशवी धुवून दोरीला उलटी टांगायची, वाळली की गठ्ठ्यात. भंगारवाल्याचे जे पैसे येतात ते तिचे.

संध्याकाळचं दूध ह्यांनी आणायचं, आणि ते कट्ट्यावरनं. गंगावेशीत किंवा मिरजकर तिकटीला म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून देतात, आपली किटली न्यायची. आपल्या गावात ही सोय आहे आणि आपण फ्रीजमधल्या पिशवीची सवय लावून घेतोय ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. ह्यांच्या गाडीच्या डिकीत किटली, एक स्टीलचा डबा आणि दोन पिशव्या कायम पडलेल्या असतात, त्यामुळं मटण डब्यात येतं, मिसळीचा कट पण डब्यात येतो. गरम रस्सा पातळ पिशवीत बांधून आणणं मला आधीपासूनच आवडत नव्हतं.

मुलाकडं पाणी आणि दिवे. पिण्याच्या पाण्याच्या मशीनमधनं जे वाया जाणारं पाणी निघतं त्याची नळी बादलीत सोडलीय, त्या पाण्यानं फरशी आणि संडास होतो. झाडांना मात्र ते रोज घालत नाही, क्षार जास्त असतात. बादली भरली की बदलायची हे त्याचं काम.

आत्यांचं आणि माझं काय? आत्यांनी गच्चीवर घोसाळ्याचा वेल लावलाय, जून झालेली घोसाळी वेलावरच वाळू द्यायची, साल काढली की आत जाळी, ती भांड्याला. प्लॅस्टिकची घासणी आणणं बंद झालं. आणि माझं काम स्वयंपाकातलं, डाळ-कडधान्य भिजवल्याशिवाय कुकरला लावायचं नाही, एकावर एक डबे लावून एकाच वेळी भात-डाळ-बटाटा. गॅस सिलेंडर जास्त दिवस जातो आणि माझा वेळ पण वाचतो.

तुमच्याकडं कोण काय करतंय ते लिहा. "आम्ही करतो" असं नको, कोण करतं ते लिहा.

शाहूपुरी४

ताई मस्त लिहिलंय. तीन शंका. एक, वास येत नाही का, शेजारी बोंबलत नाहीत? दोन, पावसाळ्यात काय करता, जुलैमधे आमच्या घरातले कपडेच चार चार दिवस वाळत नाहीत तिथं ड्रम कसा कोरडा राहणार? तीन, रविवारची हाडं?? कोल्हापुरात हा प्रश्न सगळ्यात मोठा आहे.

दुर्गा_पेठकर

@शाहूपुरी४ वास म्हणजे आत पाणी जास्त आणि हवा कमी. सुका पाला वाढवला आणि हलवलं की दोन दिवसांत जातो. पांढऱ्या जाड अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या कचरा भराभर संपवतात, माणसाला काही करत नाहीत, पण मामा तेव्हा पण पालाच टाकतात. पावसाळ्यात ड्रम पत्र्याखाली घेतो, पाला बंद पोत्यात कोरडा राहिला पाहिजे, खरी अडचण तिथंच येते, ऑगस्टपर्यंत पाला संपत येतो. हाडं ड्रममधे टाकत नाही, उंदीर-मांजरं येतात, ती टिपरलाच (महापालिकेच्या कचरागाडीला), पण ओल्या कचऱ्यात वेगळी बांधून. रस्सा उरला तर तोही ड्रममधे नाही, तेल-मिठानं खत बिघडतंय.

कागलकडचा_गडी

ताई पाला कशाला साठवत बसताय, पाचट घ्या की ऊसाचं, वाळली पानं! तोडणी झाली की एकरी तीन-चार टन पाचट रानात पडतंय, आणि निम्मे लोक अजून बी काडी लावून मोकळे होत्यात. पेटवलं की धूर तर होतोयच, पण जमिनीतली गांडुळं-जीवजंतू जळत्यात आणि जे खत फुकटात मिळणार होतं त्याची राख. आम्ही आता पेटवत न्हाई, कुट्टी करून सरीतच ठेवतो, खोडव्याला (तोडणीनंतर परत फुटणाऱ्या ऊसाला) पाणी कमी लागतंय, तण बी कमी. घरच्या ड्रमला पाचट बारीक तोडून घाला, लांब पात तशीच घातली तर कुजायला लई वेळ लावती.

आणि कोण काय करतंय विचारलासा म्हणून सांगतो, आमच्याकडं गोबरगॅस हाय, संडास त्यालाच जोडलाय. शेण कालवायचं काम माझं आणि भावाचं, आई आणि वहिनीला त्यात हात घालायला लावत न्हाई. आईनं आयुष्यभर चुलीचा धूर खाल्लाय, दवाखान्यात डॉक्टरनं छातीचं विचारलं तवा आम्हाला कळलं की किती खाल्लाय. गॅस आला त्यो पर्यावरणासाठी न्हवं, तिच्यासाठी आला. पर्यावरणाचं आपोआप झालं.

नदीकाठ

सगळ्यांचं कौतुक आहे, मनापासून. पण मला एक टोचतं ते बोलतो. तुम्ही घासणी बदलताय, डब्यात मटण आणताय आणि तिकडं पंचगंगेत शहराचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी जातंय. दरवर्षी उन्हाळ्यात शिरोळकडं मासे मरून वर येतात, जलपर्णीनं नदी हिरवी होते, आणि हेच पाणी पुढं नृसिंहवाडीला कृष्णेला मिळतं. घराघरातल्या बायकांना दमवून काय होणार, जिथं खरी घाण होतेय तिथं बोट दाखवा.

मेधा_प्रयोगशाळा

@नदीकाठ तुमचा राग रास्त आहे पण दोन्ही गोष्टी तोडून बघू नका, मी पाणी तपासणीच्या क्षेत्रात काम करते म्हणून थोडं सविस्तर लिहिते. शहरातलं मैलापाणी जयंती आणि दुधाळी अशा नाल्यांतनं नदीकडं जातं. त्यासाठी कसबा बावड्याला रोज ७६ दशलक्ष लिटर आणि दुधाळीला १७ दशलक्ष लिटर क्षमतेचं शुद्धीकरण केंद्र आहे. नाला वळवून केंद्रात नेला तर पाणी शुद्ध होतं, नाला ओसंडला किंवा पंप बंद पडला तर थेट नदीत. ती जबाबदारी यंत्रणेचीच, ती आपण मागत राहिलीच पाहिजे.

पण नाल्यात जे येतं ते कुठनं येतं? आपल्या मोरीतनं आणि बेसिनमधनं. जलपर्णी वाढते ती नायट्रोजन आणि फॉस्फरसवर. नायट्रोजन मुख्यतः मैल्यातनं आणि शेतातल्या खतातनं, फॉस्फरस त्यातनं आणि काही डिटर्जंटमधनं पण. साधी केंद्रं सेंद्रिय घाण बऱ्यापैकी कमी करतात, फॉस्फरस मात्र पूर्ण काढत नाहीत. म्हणजे पावडर निम्मी वापरली तर तेवढं खरोखर कमी जातं. बहुतेक घरांत गरजेच्या दुप्पट पावडर पडते, फेस जास्त म्हणजे कपडे स्वच्छ हा समज आहे फक्त.

आणि तर्री! तांबड्या रश्श्याचं पातेलं थेट सिंकमधे धुऊ नका हो. ते तेल पाईपमधे थिजतं, ड्रेनेज तुंबतं, चेंबर वर येतं आणि मग माणसाला ते साफ करायला उतरावं लागतं. आधी जुन्या वर्तमानपत्रानं पातेलं पुसा, कागद सुक्या कचऱ्यात नको, टिपरच्या ओल्या कचऱ्यात टाका, मग धुवा. हे काम जो शेवटी जेवून उठतो त्याचं, आमच्या घरात असंच ठरलंय.

नदीकाठ

@मेधा_प्रयोगशाळा हे पटलं. चेंबरमधे उतरणाऱ्या माणसाचा विचार मी कधी ह्या बाजूनं केला नव्हता. पातेलं पुसायचं आजपासून माझ्याकडं.

आक्का_६८

मी वयानं मोठी आहे म्हणून थोडं वेगळं सांगते, राग मानू नका. हल्ली सगळे म्हणतात पूर्वी बघा कसं होतं, राखेनं भांडी, कापडी लंगोट, दगडी जातं, काहीच वाया जात नव्हतं. खरं आहे. पण ते सगळं आमच्या हातांनी होत होतं. लंगोट धुताना थंडीत बोटं फुटायची. पाण्याची घागर, शेणानं सारवण, दर उन्हाळ्यात वर्षाची चटणी. मिरच्या वाळवायच्या, देठं खुडायची, हातांची आग रात्रभर. प्लॅस्टिकची हलकी बादली आली तेव्हा मला केवढा आनंद झाला होता ते मी विसरलेली नाही.

म्हणून दुर्गाची अट मला फार आवडली. जुनं परत आणायचं असेल तर आणा पण जुनी वाटणी आणू नका. आमच्या घरात आता चटणीच्या दिवसात मिरच्यांची देठं खुडायला दोन्ही मुलगे आणि नातू बसतात, डंकावर (चटणी कुटायच्या गिरणीत) डबे घेऊन मुलगाच जातो. वर्षाची चटणी एका स्टीलच्या डब्यात, म्हणजे बारा महिन्यांची प्लॅस्टिकची पाकिटं गेली. वाकळ मात्र मी मला आवडतं म्हणून शिवते, त्यात जुनी लुगडी, शर्ट सगळं जिरतं, कुणी सांगितलं म्हणून नाही.

दुर्गा_पेठकर

आक्का, तुमचा प्रतिसाद मी आत्यांना वाचून दाखवला, त्या म्हणाल्या "ह्यांना माझा नमस्कार सांग".

सोलर_भावा

विजेचं कुणीच बोलंना म्हणून मी बोलतो, हे एकदा केलं की रोजचं काम शून्य, म्हणजे ताईंच्या अटीत अगदी फिट्ट. आमच्या छतावर तीन किलोवॅट बसवलंय, केंद्राची सूर्यघर योजना २०२४ मधे आली त्यात पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागं ३०,००० आणि तीन किंवा त्यापुढं जास्तीत जास्त ७८,००० सबसिडी आहे. एक किलोवॅटमागं दिवसाला सरासरी चार युनिट धरा, आपल्याकडं जून ते ऑगस्ट हे बरंच खाली येतं, पण नेट मीटर असल्यामुळं उन्हाळ्यात जादा गेलेली युनिटं पुढच्या बिलात वजा होत राहतात. फक्त शेजारच्या बिल्डिंगची किंवा टाकीची सावली किती वाजता कुठं पडते ते थंडीच्या दिवसात बघा, तेव्हा सूर्य खाली असतो, उन्हाळ्यात बघून फसाल.

पण छत नसलेल्यांनी पहिले पंखे बदला असं माझं मत आहे. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आत. रोज बारा तास फिरणारा एक पंखा बदलला तर महिन्याला सोळा-सतरा युनिट वाचतात. घरात चार पंखे असतील तर हिशेब करा.

नवीन_संसार

मी पहिल्यांदाच लिहितेय इथं. लग्नाला दीड वर्ष झालं, फुलेवाडीला राहतो, दोघंही नोकरीला. मला हे सगळं करायची खूप इच्छा आहे पण मी काही सुरू केलं की घरात "हिचं खूळ" म्हणतात, आणि खूळ म्हटलं की ते पूर्ण माझंच काम होतं. सासूबाई वाईट नाहीत अजिबात, पण त्यांना वाटतं आधीच काम कमी आहे का. पाळीच्या कपच्या बाबतीत मात्र मी स्वतःचं स्वतः ठरवलं, पॅड बंद केले, ते कुणाला विचारायचं नव्हतं. बाकीचं कसं सुरू करायचं?

दुर्गा_पेठकर

@नवीन_संसार तुझी सासूबाई म्हणते ते बरोबरच आहे की, आधीच काम कमी नाही. म्हणून त्यांचं एखादं काम हलकं होईल अशा गोष्टीनं सुरू कर. आमच्याकडं पाण्यानं सुरुवात झाली. २०१९ आणि परत २०२१ ला पूर आला तेव्हा बालिंगा, शिंगणापूरकडचे पंप पाण्यात गेले, सगळीकडं पाणीच पाणी आणि नळाला थेंब नाही. टँकरसाठी घागरी घेऊन आत्या रांगेत उभ्या होत्या आणि वरनं पाऊस धो धो. त्यानंतर ह्यांनी आणि मामांनी पत्र्याची पन्हळ ड्रमला जोडली, तोंडाला जाळी, पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं आणि मग भरायचं. साधा हिशेब आहे, पाचशे स्क्वेअर फुटांवर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर साडेचारशे लिटरच्या वर पाणी पडतं. ते पाणी पितो असं नाही, पण धुणं, भांडी, संडास सगळं भागतं. आत्यांची रांग चुकली, त्या दिवसापासून त्यांनी घरातल्या एकाही गोष्टीला खूळ म्हटलेलं नाही.

आणि तू एकटीनं सुरू करू नको. नवऱ्याला "मदत कर" म्हणू नको, एक काम पूर्ण त्याच्या नावावर कर, आठवण करून द्यायचं पण काम तुझं नको. डबा विसरला तर त्या दिवशी मटण नाही, बास.

शाहूपुरी४

"आठवण करून द्यायचं पण काम तुझं नको" हे वाक्य मी बायकोला दाखवलं, ती दहा मिनिटं काही बोललीच नाही, मग म्हणाली हे तूच वाचलंस ना नीट. सुक्या कचऱ्याचं आजपासून माझ्याकडं घेतलंय.

गणपतीचं कोण काय करतंय? आमच्या घरी यंदा शाडूची मूर्ती आणायचं ठरतंय पण आई म्हणते विसर्जन पंचगंगेतच पाहिजे.

मेधा_प्रयोगशाळा

शाडू असली तरी नदीत नको. माती विषारी नसते, पण एकाच घाटावर हजारो मूर्तींचा गाळ आणि रंग. घरी बादलीत किंवा मोठ्या पातेल्यात विसर्जन करा, शाडू काही तासांत विरघळते, पाणी झाडांना आणि माती वाळवून कुंभाराला परत. शाहूपुरी, गंगावेश, बापट कॅम्प, जिथनं मूर्ती घेता तिथंच आधी विचारून ठेवा, ती माती परत वापरता येते आणि शाडू काही इथल्या रानात मिळत नाही, लांबनं येते. प्लास्टरची मूर्ती आधीच घेतली असेल तर खायच्या सोड्याचा भाऊबंद अमोनियम बायकार्बोनेट पाण्यात घालून त्यात ठेवतात, दोन-तीन दिवसांत विरघळते, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं ही पद्धत काढली. खाली चुनखडी बसते, वरचं पाणी अमोनियम सल्फेटचं, भरपूर पातळ करून झाडांना चालतं. खोलीत करू नका, अमोनियाचा वास असतो, गच्चीवर. आईंचं मन मोडायचं नसेल तर आरती पंचगंगेच्या घाटावर करा आणि मूर्ती इराणी खणीत (जुन्या दगडखाणीच्या तळ्यात) सोडा किंवा दान करा, कोल्हापुरात मूर्तिदान आता कुणाला नवीन नाही.

आक्का_६८

आमच्याकडं होळीचं पण बदललंय. होळी लहान, आणि शेणी (गोवऱ्या) पंचगंगा स्मशानभूमीला. तिथं शेणींवर अंत्यविधी होतात, महापालिका पैसे घेत नाही, मग गल्लीगल्लीतली मंडळं होळीच्या दिवसात शेणी दान करतात. जी शेणी नुसती जळून जाणार होती ती कुणाच्या तरी शेवटच्या कामाला येते. तालमीची पोरं ट्रॉली भरून नेतात, त्यांचं मला फार कौतुक वाटतं.

कागलकडचा_गडी

आक्का बरोबर. आमच्या गावातनं बी जात्यात शेणी.

ताई आणि शाहूपुरीकर, पाचट पायजे असंल तर सांगा. तोडणी सुरू झाली की मी रविवारी लक्ष्मीपुरीला बाजाराला भाजी घेऊन येतो, गाडी रिकामी न्हाई येत पण वर दोन-चार पोती बसत्यात. पैशाचं बोलू नका. फक्त पोती रिकामी करून परत आणा, पोत्याला पैसं पडत्यात.

नवीन_संसार

दादा मला पण एक पोतं चालेल का? फुलेवाडीतनं लक्ष्मीपुरीला यायला आम्ही दोघं येतो, म्हणजे तो येईल, हे काम त्याच्या नावावर आहे.

कागलकडचा_गडी

चालंल की. धान्य बाजाराच्या बाजूला सकाळी सातच्या आत या, नंतर गर्दी होती. आणि येताना कोयता न्हाईतर जाड कात्री आणायला सांगा त्याला, तिथंच तोडून देतो, घरी पसारा नको.